टोपीवाल्याचे तीस मजले

३ जानेवारी, मंगळवार

मेले! तिसऱ्या मजल्यावर. एका उंदराने मारलं. उंदीर तरी कसला – चार ठिपके आणि एक शेपूट. कारखान्याच्या स्टोअरमधले खरे उंदीर मी झाडूने पिटाळते, आणि इथे तळहाताएवढ्या पडद्यावरच्या उंदरापुढे माझं काही चालेना.

धाकटा भाऊ पलंगावरून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आता काही दिसत नाही, पण डोळे हसतात. आज हसले. महिनाभरात पहिल्यांदा.

खेळाची ही डबी त्याचीच. करड्या रंगाची, हातात जड लागते, मागे चार सेल. पडद्याला स्वतःचा उजेड नाही, वरून दिवा धरावा लागतो. लिफ्टदुरुस्तीच्या कामावर असताना सुटा भाग येईपर्यंत गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तासन् तास बसून राहायचा, तेव्हा हेच खेळायचा. वीस वर्षं एकच खेळ. एक टोपीवाला माणूस, जमिनीखाली तीस मजले. सगळ्यात खाली काय आहे कुणास ठाऊक. हा बावीसपर्यंत पोचलाय, पुढे नाही.

आधी आवाज गेला. नोव्हेंबरात बोटं गेली. मान तर कधीच गेली होती. आता उरले डोळे. म्हणून बटणं मी दाबायची. मी! जिला घरातला रिमोट धड चालवता येत नाही. बोलता आलं असतं तर म्हणाला असता, "ताई, तुझ्याच्याने नाही व्हायचं हे."

४ जानेवारी

पुन्हा उंदीर. या वेळी दुसराच मजला. प्रगती उलटी चालू आहे.

८ जानेवारी, रविवार

आमची भाषा ठरली. दिशांची बटणं सोडली तर डबीवर दोन बटणं आहेत. उजवीकडचं म्हणजे हो – मार, उचल, जा. डावीकडचं म्हणजे नको. आम्ही तेच घेतलं. त्याने उजवीकडे बघितलं की हो, डावीकडे बघितलं की नको. त्याचे हातपाय हलवून घ्यायला व्यायामवाली येते, तिला हे फारच आवडलं. "किती सोपं! थांबा, मी लिहूनच लावते." मोठ्या अक्षरांत कागद लिहून पलंगाच्या डोक्याशी भिंतीला चिकटवून गेली. उजवीकडे = हो. डावीकडे = नको. मी कामावर असताना घरी असते ती दिवसाची बाईही आता त्याला विचारून पंखा लावते.

मी त्याच्या शेजारी, उशीला पाठ टेकून बसते. डबी दोघांच्या मध्ये. पेन्सिलीचं टोक पडद्यावर ठेवते. इकडे जाऊ? हो. याला मारू? नको. जास्त बोलायचं असेल तर पाटी – मी अक्षरांच्या ओळी वाचायच्या, तो ओळ सांगणार, मग अक्षर. काना-मात्रा आम्ही सोडून देतो, नाहीतर एका वाक्याला सकाळची दुपार होते.

आणि खेळातलं लिखाण कुठल्यातरी परक्या लिपीत! त्यालाही वाचता येत नाही. बोटीवर काम करणाऱ्या कुणाकडून जुना घेतला होता, सोबत पुस्तक नाही की चिठ्ठी नाही. कुठली बाटली प्यायची, कुठली फेकून मारायची, हे त्याने मरून मरून शोधून काढलंय. सगळं त्याच्या डोक्यात. मला एकेक विचारून काढून घ्यायचंय.

११ जानेवारी

आज एक कळलं. आपण हललो नाही तर काहीच हलत नाही. मी एक पाऊल टाकलं की उंदीर एक पाऊल टाकतो. मी थांबले की तोही थांबतो, जन्मभर थांबेल. मी इतके दिवस घाईघाईने बटणं बडवत होते! समोर राक्षस उभा असला तरी उठून भाजी चिरून यावं, राक्षस तिथेच. घाई मीच करत होते, खेळाला घाई नाहीच.

मी हे मोठ्याने म्हटलं. धाकट्याने डोळे वर फिरवले. म्हणजे – आत्ता कळलं का बाईसाहेब!

पण पावलागणिक भूक वाढते. फुकट फिरलं की उपाशी मरायचं.

१५ जानेवारी, रविवार

सातव्या मजल्यावर मेले, आणि कशी मेले ते लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पिशवीत वीस वस्तू मावतात. माझ्या पिशवीत वीसच्या वीस होत्या! तीन बाटल्या, दोन काठ्या, सहा चिठ्ठ्या, पाला, भाकऱ्या. सगळं राखून ठेवलेलं. आणि मी नुसत्या हाताने मारामारी करत मेले.

तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. बेअरिंग, ऑइल सील, बेल्ट – खणातला शेवटचा नग मी कधीही कुणाला दिलेला नाही. साहेबांची सही आणली तरी नाही. "उद्या खरंच लागला तर काय करशील?" हे माझं ठरलेलं उत्तर. फोरमन मला मागून काय म्हणतो ते मला चांगलं माहीत आहे.

धाकट्याने पाटी मागितली. व. प. र. मी म्हटलं, वापर? हो. वापर, वापर, वापर – तीनदा उजवीकडे बघितलं त्याने. ओरडत होता माझ्यावर. मेल्यावर वीसच्या वीस जातात, एकही परत मिळत नाही. पहिल्या मजल्यावर रिकाम्या हाताने.

मग माझ्याकडे बघत राहिला. कदाचित खेळाबद्दलच म्हणत होता, कदाचित नाही. मला कुणी कधी काही वापर म्हणून सांगितलेलं नाही.

१९ जानेवारी

दर नव्या खेळात बाटल्यांचे रंग बदलतात! कालची औषधाची हिरवी बाटली आज विषाची. वीस वर्षं शिकून उपयोग काय मग? तर ओळखायची रीत तेवढी राहते – अनोळखी बाटली आधी शत्रूवर फेकून बघायची. हे समजायला तीन मरणं आणि एक रडारड लागली. रडले मी, अर्थात.

२४ जानेवारी, मंगळवार

श्वासाचे डॉक्टर घरी आले. झोपताना लावायचा मुखवटा आता दिवसाही लावावा लागेल म्हणाले. मग मला स्वयंपाकघरात बोलावून सगळा पाढा वाचला. तेही पुरणार नाही. दोन महिने, फार तर तीन. मग दोन वाटा. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि मशीनने श्वास द्यायचा. नाहीतर मशीन लावायचं नाही, आणि त्रास होऊ नये म्हणून औषध देत राहायचं.

"मशीन लावलं तर किती?"

"वर्षं. पाच, कधी दहासुद्धा."

मला वाटलं मग विचारायचं काय त्यात! तर म्हणाले, "पण स्नायू निकामी करणारा हा रोग थांबत नाही. पुढे डोळेही जातात बहुतेकांचे. आत सगळं समजतं, बाहेर काहीच सांगता येत नाही. आणि एकदा लावलं की काढणं आमच्या हातात राहत नाही. म्हणून तुम्ही नाही, त्याने ठरवायचं. आत्ता, डोकं शांत असताना. ऐन वेळी घरचे काहीही सांगतात."

मी पाणी विचारलं. नको म्हणाले. ते गेल्यावर मी ओटा पुसला, तीनदा पुसला.

२६ जानेवारी

त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मी कितीही वाईट असले तरी तेवढं केलं. मग विचारलं, लावायचं का मशीन?

उजवीकडे नाही, डावीकडे नाही. डबीकडे बघितलं त्याने.

खेळलो. आठवा मजला.

२ फेब्रुवारी

मोकळ्या खोलीत कधी लढायचं नाही! चारी बाजूंनी येतात. माघार घेऊन बोळात शिरायचं, मग एकामागे एक रांगेत येतात, एकेकाला गाठता येतं. धाकट्याने हे मला अडीच तास शिकवलं. मी खोलीच्या मधोमध उभी राहून शौर्य गाजवत होते आणि तो नको-नको-नको करत होता. शेवटी बोळात गेले. सहा राक्षस एका रांगेत, आमच्या स्टोअरच्या खिडकीपुढे कामगार लागतात तसे. सहाही मारले!! मी ओरडलेच. दिवसाची बाई धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं. मी म्हटलं, झालं ना, अकरावा मजला झाला!

त्याचे डोळे ओले होते. मी रुमालाने टिपले. हसण्याने की डोळे कोरडे पडतात म्हणून घातलेल्या थेंबांनी, ते त्याला विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर काही नाही. कूस बदलणे, पाठ पुसणे, नळीने भरवणे, तोंडातली लाळ ओढून काढणे, पुन्हा कूस. खरं लिहायचं तर – कपडे वाळत घालताना मनात आलं, संपू दे एकदाचं. त्याचं नाही, माझं नाही, कुणाचं ते मनानेही नीट सांगितलं नाही. संपू दे एवढंच. मग चिमटे कमी पडले म्हणून आत आले.

९ फेब्रुवारी

आज नळीने भरवताना लाळेचा ठसका लागला. ओठ निळे पडले. लाळ ओढायचं यंत्र सुरू करताना प्लग दोनदा चुकला. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला आला श्वास.

संपू दे म्हणणारी ती मीच का? त्या चार मिनिटांत मी काय काय बरळत होते ते बाईने ऐकलंय. "जाऊ नकोस रे, मला एकटीला टाकून जाऊ नकोस." म्हणजे त्याचं दुखणं सुचलंच नाही मला. माझं एकटेपण सुचलं. आई-वडील गेले तेव्हापासून या घरात दोन ताटं आहेत. एका ताटाचं काय करतात?

१२ फेब्रुवारी, रविवार

गुन्हा केला.

सतराव्या मजल्यावर होतो. माझं एवढ्या खाली जाणं पहिल्यांदाच. एका वळणावर दगडी माणूस आला. एक फटका – टोपीवाल्याचं निम्मं बळ गेलं. दुसरा – बळाचे दोनच गुण उरले. तिसरा बसला की संपलं, पुन्हा पहिला मजला. पळायला जागा नाही, पिशवीत कामाचं काही नाही. या खेपेला सगळं वापरलं होतं की मी!

खेळ जिना उतरतानाच नोंद ठेवतो. मेलं की ती नोंद खेळ स्वतः पुसून टाकतो. पण मरायच्या आधीच सेल काढले तर? पुसायला वेळच मिळणार नाही. हे मला एकदम सुचलं. मी डबी उलटी केली, झाकण उघडलं, चारही सेल गादीवर ओतले. परत घातले. टोपीवाला सतराव्याच्या जिन्यावर ठणठणीत उभा!

मी धाकट्याकडे वळले. शाबासकी घ्यायला, दुसरं काय.

त्याने डोळे मिटले होते.

१३ फेब्रुवारी

डोळे मिटलेले. झोप नाही, मला झोप कळते.

१४ फेब्रुवारी

तेच. व्यायामवालीसाठी उघडतो, बाईसाठी उघडतो. मी खोलीत आले की मिटतो. रुसायचा तर लहानपणी तोंड फिरवायचा, आता तेही फिरवता येत नाही, तर हे.

१५ फेब्रुवारी

मी म्हटलं, "अरे साधा खेळ आहे! वीस वर्षं मरतोयस, एकदाही सेल काढावेसे वाटले नाहीत तुला?"

उघडले डोळे. नको – म्हणजे नाही वाटले. पाटी मागितली. मग खेळ कशाला, असं निघालं त्यातून. मी भांडलेच. म्हटलं, खेळ कशाला म्हणजे? मजा म्हणून! मरायची कसली मजा? मी एकटीच भांडत होते, त्यामुळे लगेच संपलं.

पहिल्या मजल्यापासून सुरू केलं. त्याची अट. सतरा मजले गेले पाण्यात. पण उजवीकडे बघितलं त्याने, हो, सुरू कर.

२२ फेब्रुवारी

दिवसाही मुखवटा. नाकाच्या हाडावर जखम झालीय, तिथे पट्टी कापून लावते. वजन अठ्ठेचाळीस. एके काळी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून एकट्याने वजनाचे ठोकळे हलवणारा माणूस.

मी पुन्हा विचारलं. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार, काय सांगायचं?

पाटी. त. झ. – तुझं? हो. तुझं काय? मला विचारतोय, मला काय हवं ते!

आणि मी काय केलं? मी त्याला सांगितलं की स्टोअरमध्ये नवीन संगणक आलाय, वर्षाची मोजणी जवळ आलीय, नव्या मुलीला सील आणि गॅस्केटमधला फरक कळत नाही. बराच वेळ बोलले. तो ऐकत होता. त्याला उठून जाता येत नाही म्हणून तो ऐकत होता.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणीस! सेल न काढता, एकदाही न फसवता. आणि एक दुर्मीळ वस्तू मिळाली – जीव परत देणारी मुळी. पिशवीत नुसती असली की पुरे. टोपीवाला मेला की आपोआप चालते आणि त्याला पुन्हा उभा करते. त्याला विचारत नाही, मला विचारत नाही. धाकट्याला वीस वर्षांत फक्त तीनदा मिळालीय म्हणे. मी म्हटलं, आता तीस काय लांब नाही. श्वासाला फार जोर लागतो आता, खेळ अर्ध्या तासाच्या पुढे जात नाही.

३ मार्च, शुक्रवार

डॉक्टर अकराला आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. भिंतीवरचा कागद वाचला, छान पद्धत आहे म्हणाले. त्याला सगळं पुन्हा समजावलं, अगदी सावकाश, मशीन म्हणजे काय, पुढे काय होईल. मग विचारलं. त्याने उत्तर दिलं. नजर बराच वेळ हलली नाही. "किती ठाम आहे तुमचा भाऊ," डॉक्टर म्हणाले. "बरेच जण मशीनला घाबरतात."

फॉर्म भरला. त्याचा अंगठा मी धरून उठवला. साक्षीदार म्हणून माझी सही.

सोमवारी दवाखान्यात न्यायचं आहे. दोघांचे कपडे भरले.

६ मार्च, सोमवार

झालं. नळी बसली. झोपेच्या औषधाखाली आहे. छाती एका लयीत वर-खाली होते, इतकी नीट त्याची कधीच होत नव्हती.

७ मार्च

जागा झाला. मला बघितलं. मग छताकडे.

१९ मार्च, रविवार

घरी आणलं. मशीन पलंगाच्या डाव्या हाताला, मागे जादा बॅटरी, वीज गेली तर. मी बिनपगारी रजेवर. कफ ओढायला शिकले: हातमोजे, नळी आत, अंगठा ठेवून ओढ, दहा मोजायच्या आत बाहेर. दिवसातून पंधरा-वीस वेळा. प्रत्येक वेळी त्याचे डोळे विस्फारतात. चोख काम करते मी, दवाखान्यातल्या नर्सनेही सांगितलं.

सगळे येऊन जातात. शेजारी, त्याच्या कामावरचे दोघं. त्यांतला एक बाहेर जाऊन जिन्यात रडला. व्यायामवाली म्हणाली, "धीराचा माणूस! जगायची इच्छा लागते हो त्याला." मी चहा टाकायला उठले.

डबी काढली. एकोणिसावा मजला आहे तसा आहे. त्याने बघितलं नाही.

२२ मार्च

बघितलं नाही. दमलेला असेल.

२५ मार्च

पाटी धरली. सगळ्या ओळी वाचल्या, शेवटपर्यंत. पुन्हा वाचल्या. काही नाही. व्यायामवालीने विचारलं, पाय दुखतोय का? नको. म्हणजे नाही. तिला उत्तर देतो. तिला तो काहीही सांगू शकला असता या दिवसांत. कागद तिनेच लावलाय. एका प्रश्नाचं काम होतं.

तिला ते विचारायचं सुचत नाही, आणि तोही तिच्याकडे पाटी मागत नाही. का मागत नाही? मला वाचवतोय का? तसं असेल तर मी कुठे तोंड लपवू.

२८ मार्च

उजव्या डोळ्याची पापणी आज अर्ध्यावर थांबत होती. डॉक्टरांना फोन केला. "होणारच होतं. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. चौदा दिवसांनी येतो म्हणाले. मी बरं म्हटलं. ते फोन ठेवेपर्यंत मी बरं, बरं म्हणत होते.

३१ मार्च, शुक्रवार

आज त्याने स्वतःहून डबीकडे बघितलं. मी धावत सेल घातले, दिवा ओढला, शेजारी बसले.

जाऊ? नको. मारू? नको. पिशवी उघडू? हो.

पहिली बाटली. पिऊ? नको. ठेवू? नको. टाकू? हो. मला वाटलं काही डाव असेल त्याच्या मनात. टाकली. दुसरी? टाकू – हो. काठी? हो. चिठ्ठी? हो. टोपीवाला एकेक पाऊल सरकतो आणि एकेक वस्तू जमिनीवर ठेवतो. भाकरी. ढाल. तलवार. चांगली तलवार होती, बाराव्या मजल्यापासून जपलेली! सगळ्या मिळून एकोणीस. समोरच्या कोपऱ्यातून दगडी माणूस येत होता, मी एक वस्तू टाकली की तो एक पाऊल जवळ.

शेवटी मुळी राहिली. पेन्सिल तिच्यावर ठेवली. ठेवू? नको. मी पुन्हा विचारलं, ठेवू? नको. ठेवू रे? नको.

मी दाबलं नाही.

दगडी माणूस एका चौकटीच्या अंतरावर उभा. मी हलत नाही म्हणून तोही हलत नाही. भूक वाढत नाही. काहीच होत नाही. धाकटा डावीकडे बघत होता, मी पडद्याकडे. मशीन आपलं काम करत होतं. तासभर तरी बसलो असू तसे. मग सेल संपले आणि पडदा विझला.

त्याने माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. रागाला मी उत्तर दिलं असतं.

२ एप्रिल, रविवार

तीन मार्चला त्याने डावीकडे बघितलं होतं. डॉक्टर त्याच्याकडे तोंड करून समोर उभे होते, ती बाजू त्यांच्या उजव्या हाताला आली. "उजवीकडे, म्हणजे हो," म्हणाले. मी त्याच्या शेजारी बसले होते, मला नीट दिसलं होतं. तो तिकडेच बघत राहिला, डोळे फुटतील इतका वेळ. "खात्रीसाठी पुन्हा एकदा विचारू का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "नको. तो दमतो."